खरवडीचं तापमान

आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राचं कुंकू पुसलं गेलं आणि त्याच आठवड्यात माझे वडील मला विसरले.

हे वाक्य रद्द समजावं. अधिकृत अहवालानुसार असं काहीही घडलेलं नाही. यंत्राला कुंकू कधी लावलेलंच नव्हतं, त्यामुळे ते पुसण्याचा प्रश्न येत नाही. आणि माझ्या वडिलांचा आजार मुळातच विसरण्याचा असल्यामुळे ते काही विसरले याला पुरावा म्हणता येत नाही. त्या अहवालाखाली माझीही सही आहे. तेव्हा आपण सगळे मिळून काहीच झालं नाही असं धरू, आणि काय झालं ते मी सांगतो.

मी विश्वजित हुंबे, मूळचा भूमचा. भूम म्हणजे खवा. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आयुष्यात धड गुलाबजाम खाल्लेला नाही, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गावाबाहेर खव्याची भट्टी होती. लाकडाची आच, घमेल्यासारखी पसरट लोखंडी कढई आणि लांब दांड्याचं उलथणं. दूध आटत आलं की कढईच्या तळाला जी तांबूस पापडी धरते ती खरवड. खवा व्यापाऱ्याचा आणि खरवड घरच्यांची, असा आमच्याकडचा कायदा. अण्णा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशी आधी त्यांचा वास यायचा, मग सायकलची घंटी, आणि सगळ्यात शेवटी अण्णा. कागदात गुंडाळलेली खरवड त्यांच्या खिशात असायची आणि खिशाला कायम तेलकट डाग.

मी कॉलेजात असताना धुराच्या भट्ट्या बंद झाल्या. आता खवा वाफेच्या बंद टाक्यांत होतो. टाकीला आतलं तापमान कळतं, त्यामुळे दूध लागत नाही, करपत नाही, चिकटत नाही. खवा उत्तम होतो. खरवड होत नाही. ज्या वासाने माझं बालपण ओळखता आलं असतं तो वास २०४४ साली महाराष्ट्रात कुठेही नव्हता, अपवाद फक्त सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या प्रयोगशाळेचा.

आम्ही गंधकुप्या बनवतो. कल्पना सोपी आहे. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मेंदूत दोन-तीन टेबलांवरून फिरत आठवणीपर्यंत पोचते. वास मात्र चिठ्ठी न देता सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरतो. स्मृती गेलेल्या माणसाच्या नाकाशी त्याच्या जुन्या घराचा नेमका वास धरला तर तासभर का होईना, केबिनमधला दिवा लागतो. वास 'नेमका' हवा, एवढीच अट. पावसाळी दप्तराचा वास हवा असेल तर नवीन दप्तराचा चालत नाही.

हे वास आम्ही मायक्रोवेव्ह रिॲक्टरमध्ये शिजवतो. बोटाएवढ्या जाड काचेच्या नळीत दुधाची साखर, दुधातलं प्रथिन आणि थोडं पाणी घालायचं, नळी बंद करून तापवायची. साखर आणि प्रथिन उष्णतेत भेटले की शेकडो गंधद्रव्यं तयार होतात. कोणती होणार, ते तापमान ठरवतं. थोडं कमी, तर बिस्किट. थोडं जास्त, तर जळका टोस्ट. मधे कुठेतरी, अगदी अरुंद गल्लीत, खरवड.

ती गल्ली मला सापडायला एक अख्खा उन्हाळा लागला. यंत्राच्या पडद्यावर एकशे चाळीस अंश असताना निघालेली कुपी मी अण्णांच्या नाकाशी धरली. त्याआधी बरेच महिने ते मला 'साहेब' म्हणत होते आणि विजेचं मीटर बघायला आलेला समजून दार दाखवत होते. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जित्या. खोड गेली न्हाय तुझी."

जित्याची खोड ही आमच्या घरातली एकमेव विनोदी म्हण होती आणि ती अण्णांनी माझ्यावर लहानपणापासून इतकी वापरली होती की तिचा मला राग यायचा. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. भांडी स्वच्छच होती.

एकशे चाळीस अंशांची ती कृती मंजूर झाली, शिक्का बसला. कुपी उघडली की तासाभरात वास विरतो, म्हणून दर आठवड्याला मी एक नवी बनवायचो आणि दर रविवारी मला वडील मिळायचे. काही वर्षं हे चाललं. रविवारच्या वडिलांची सवय लागते.

आता कुंकवाकडे येतो, जे कधी नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या सगळ्यात जुन्या रसायनज्ञ म्हणजे कोंडा मॅडम. पद्मशाली घरातल्या, सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या. त्यांच्या वडिलांच्या यंत्रमागावर खंडेनवमीला हळदकुंकू वाहिल्याशिवाय धोटा हलत नसे. तेच त्यांनी इथे चालू ठेवलं. नवमीला सगळ्या यंत्रांना झेंडू, अक्षता आणि कपाळावर कुंकवाचं बोट. यंत्राचं कपाळ कुठे असतं हे माहितीपुस्तकात दिलेलं नसतं, ते मॅडम ठरवायच्या. वजनकाट्याचं आकड्यांच्या वर. फ्रीजचं हँडलच्या वर. आणि मायक्रोवेव्ह रिॲक्टरचं झाकण उघडलं की समोर मधोमध बोटाएवढी एक गोल काच दिसायची, अगदी देवाने जागा राखून ठेवल्यासारखी. कुंकू थोड्या तुपात कालवून मॅडम ते तिथे लावायच्या, पडू नये म्हणून. आणि लावलेलं कुंकू पुसत नाहीत, एवढं तर कुणालाही कळतं. साफसफाई व्हायची ती कुंकवाच्या भोवतीनं. दर वर्षी एक थर. मी रुजू झालो तेव्हा त्याला लाखेसारखी चकाकी आली होती आणि त्यात तांदळाचा एक दाणा कायमचा बसला होता.

दर वर्षी तपासणीला माणूस यायचा. तो यंत्राला आधी नमस्कार करायचा, मागच्या तारा तपासायचा आणि स्टिकर लावून जायचा.

मग तापमान प्रमाणन मंडळाच्या नव्या नियमाखाली मुंबईहून केतकी रेगे आल्या. माझ्याच वयाच्या. त्यांनी नमस्कार केला तो आम्हाला. झाकण उघडलं, काचेकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे. कोंडा मॅडमनी सांगितलं की कपाळ आहे.

"मॅडम, हा डोळा आहे," रेगे म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी पदव्युत्तर रसायनशास्त्राचा विद्यार्थी असल्यासारखी मान हलवत राहिलो, जो मी होतो. गॅसवर दूध ठेवलं की आधी भांडं तापतं, मग दूध. मायक्रोवेव्हमध्ये उलटं: लहरी काचेतून आरपार जातात आणि द्रवाच्याच रेणूंना हलवून तापवतात, त्यामुळे आतलं मिश्रण गरम आणि नळीची भिंत त्यामानाने थंड. आमचं यंत्र तापमान मोजायचं ते बाहेरून, त्या गोल काचेमागच्या डोळ्याने, नळीच्या भिंतीकडे बघून. म्हणजे तापकऱ्याच्या स्वेटरला हात लावून ताप सांगायचा. आणि इथे तर डोळ्यावरच अकरा दसऱ्यांचं कुंकू. त्याला नळी दिसायची ती थंडगार. तो यंत्राला सांगायचा, अजून एकशे चाळीस झालेले नाहीत, वाढव. यंत्र बिचारं वाढवायचं; पडद्यावर एकशे चाळीस, आत त्याहून कितीतरी जास्त.

आत धातूचा तापमापक घालता येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तो एरियल होतो आणि ठिणग्या टाकतो. म्हणून नव्या यंत्रात केसाएवढी काचेची तार असते. तिच्या टोकावरच्या कणावर प्रकाश सोडला की तो क्षणभर उजळतो आणि विझतो. जितकं गरम, तितका लवकर विझतो. विझायला किती वेळ लागला त्यावरून आतलं खरं तापमान कळतं, अंशाच्या दहाव्या भागापर्यंत. मला ही पद्धत फार आवडली. घरी मीही तेच करत होतो, रविवारी.

मोजमापाच्या आधी काचा साफ करायच्या, असा नियम आहे. रेग्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला. कोंडा मॅडम बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तांदळाचा दाणा शेवटी चिमट्याने काढावा लागला.

जुनं यंत्र सील करून गेलं, नवं आलं. नव्या यंत्रात कृती मंजूर तापमानाला कुलूपबंद असते; एकशे चाळीस म्हणजे आतमध्ये, खरोखरचे, एकशे चाळीस. त्या रविवारी मी नवी कुपी अण्णांच्या नाकाशी धरली. त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर कुठेतरी पोचल्याची खूण होती. ते म्हणाले, "कच्चं हाय अजून. हलीव."

मी कुपीकडे बघितलं.

"बघतूस काय? तळ सोडू नगंस."

जवळ त्यांची काठी होती. ती उलटी धरून मी हवा हलवू लागलो. थोड्या वेळाने त्यांनी मान डोलावली. अशा रीतीने माझ्या वडिलांनी मला गडी म्हणून ठेवून घेतलं. गड्याचं नाव त्यांनी विचारलं नाही. भट्टीवर गड्याला 'ए' म्हणतात.

मग घरीच दूध जाळ की, असं आपण म्हणाल. जाळलं. पहिल्यांदा शेगडीवर, पण आताच्या शेगड्यांना दूध लागणार हे आधी कळतं आणि त्या बंद होतात, वर मोबाईलवर अभिनंदनाचा संदेश पाठवतात. मग बार्शीच्या आत्याकडे चुलीवर जाळून पातेलं घरी आणलं. दिवसभराच्या आटवणीची खरवड एका पातेल्यात तासाभरात होत नाही, नुसतं करपतं. अण्णांनी वास घेतला आणि काळजीने म्हणाले की कुणाचं तरी दूध लागलं बघ, जाऊन सांग त्यांना. मी गॅलरीपर्यंत जाऊन आलो.

कोंडा मॅडमना फार लागलं होतं. त्यांना वाटत होतं की आपण कपाळ चुकलो. एका दुपारी त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "आपण परत लावू की. कुणाला काय कळतंय." डोळा आता आत होता, म्हणून त्यांनी तारेच्या टोकालाच बारीकसं बोट लावलं. नव्या यंत्राला फरक पडला नाही. मिश्रण मात्र लाल झालं आणि त्या कुपीला देवळाच्या गाभाऱ्याचा वास आला. अण्णांनी तो घेतला आणि हात जोडले. मग मलाही जोडायला लावले.

मी रेग्यांना फोन करून विचारलं की पूर्वी आत नक्की किती तापमान असायचं. त्या म्हणाल्या, काच पुसण्याआधी मोजायला हवं होतं, पण नियमात आधी पुसणं आहे. आता ते कुणालाच सांगता येणार नाही. कुंकवाचा थर दर दसऱ्याला वाढत होता. कदाचित दर वर्षीची खरवड वेगळी असेल. एकच साक्षीदार उरू शकतो: जुन्या यंत्रातली न उघडलेली कुपी. आतली द्रव्यं तपासली तर तापमान मागे मोजत नेता येईल, आणि त्या आधारावर कृतीचा आकडा बदलून मागता येईल.

अशी एक कुपी माझ्याकडे होती, अडीअडचणीला म्हणून जपून ठेवलेली. फ्रीजमध्ये, लिंबाच्या लोणच्यामागे.

"तपासणीत ती संपेल ना?"

"हो. आणि मंजुरीला नव्याने चाचण्या लागतील. दोन-तीन वर्षं, सगळं नीट झालं तर." मग त्या म्हणाल्या, "विश्वजित, मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही." सरकारी माणसाच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.

एक कुपी: एक रविवार, किंवा दोन-तीन वर्षांनी कदाचित सगळे रविवार. अण्णांच्या डॉक्टरांना मी दोन-तीन वर्षांबद्दल विचारलं तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तरी मी पाठवायचं ठरवलं. खोकं आणलं, कापूस आणला. पत्ता लिहिला. आणि रोज उद्यावर ढकलत गेलो, कारण दरम्यान माझी नोकरी बरी चालली होती.

गडी म्हणून मी चांगला होतो. नवी कुपी उघडली की तासभर भट्टी पेटायची. अण्णा मला लाकडं मागे ओढायला सांगायचे, साय मोडायला सांगायचे, पलीकडच्या भट्टीवाल्याच्या दुधात पाणी किती हे खालच्या आवाजात सांगायचे. आणि हातातलं काम सुरळीत चाललंय असं दिसलं की आपल्या मुलाबद्दल बोलायचे. मुलगा सोलापुरात असतो. विजेच्या भट्टीवर. हुशार आहे पण हात नाही त्याचा. डोक्याने खवा होत नाही. मी दुजोरा द्यायचो. माझ्याबद्दल इतकं खरं मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा मी विचारलं, व्यापारी ओरडत नाही का, आपला खवा कधीकधी तांबूस येतो.

"वरडतोय की." अण्णा हसले. "पोराला खरवड आवडती. बराबर आच ठिवली तर धरत न्हाय ती. म्हनून शेवटाला जरा जास्त सोडतो म्या. धरू देतो." मग काठीकडे बोट करून म्हणाले, "पोराला सांगू नगंस. आवघडंल."

मी सांगितलं नाही. काठी फिरवत राहिलो. म्हणजे भूमच्या त्या कढईतही खरवडीचं तापमान कधी बरोबर नव्हतंच. ते मुद्दाम चुकवलेलं होतं, रोज, माझ्यासाठी, व्यापाऱ्याच्या शिव्या खाऊन. मुलगा म्हणून बसलो असतो तर हे मला जन्मात कळलं नसतं. गड्याला कळलं.

यानंतर मी खोक्याकडे बघायचं बंद केलं. असंच चालू राहिलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी काम जोरात चालू असताना मी सवयीने विषय काढला, की मालक, तुमचा मुलगा काय म्हणतोय.

अण्णांनी नवलाने पाहिलं. "कुनाचा?"

मी म्हटलं, तुमचा. सोलापुरातला.

त्यांनी थोडा विचार केला, प्रामाणिकपणे केला, आणि म्हणाले, "मला न्हाय कुनी. तू हलीव."

मी हलवलं. मग काठी भिंतीला लावली, फ्रीजपाशी गेलो आणि लोणच्यामागून ती कुपी काढली. खोक्यावर रेग्यांच्या मंडळाचा पत्ता होता; ते उलटं करून ठेवलं. फोडताना एक थेंबही सांडला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण अण्णांचं म्हणणं आहे की मला हात नाही.

वास खोलीभर झाला. गल्लीच्या तोंडाशी आधी वास, मग घंटी. मी तेवढ्यात दहा वर्षांचा होऊन परत आलो होतो आणि अण्णा माझ्याकडे बघत होते.

"जित्या," ते म्हणाले.

"हां अण्णा."

"खोड गेली न्हाय तुझी." हात पुढे करून त्यांनी माझं मनगट धरलं. "कवा आलास?"

मी म्हटलं, आत्ताच. त्यांनी जेवण झालं का विचारलं, आईचा फोटो सरळ करायला सांगितला, माझे केस कमी झालेत हे दोनदा सांगितलं. ऊन गॅलरीतून आत आलं होतं. मग ते इकडेतिकडे पाहू लागले, मान वळवून दारापर्यंत.

"त्यो गडी कुटं गेला?"

मी म्हटलं, कोणता गडी.

"हितंच व्हता की. बरं पोरगं हाय. तुझ्यापरीस हात चांगला त्येचा." मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. "त्येला घालवू नगंस, जित्या. ठिवून घे."

मी म्हटलं, नाही घालवत.

वास विरेपर्यंत आम्ही बसलो. नंतर त्यांना झोप लागली. उठल्यावर त्यांनी मला 'ए' म्हणून हाक मारली आणि तळ बघायला सांगितलं. मी बघितला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून पुढील अर्ज रवाना केला. कोंडा मॅडमनी वाचला, पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि स्वतः पोस्टात टाकला.

प्रति,
मा. संचालक,
गंधोपचार तापमान प्रमाणन मंडळ, मुंबई.

विषय : चुकीचे तापमान पूर्ववत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, आपल्या प्रतिनिधींनी मागितलेला जुन्या यंत्रातील एकमेव नमुना वापरला गेल्याने सादर करता येत नाही. त्याऐवजी रिकामी कुपी सोबत जोडली आहे. पूर्वीचे नेमके तापमान किती होते हे अर्जदारास माहीत नाही. ते यंत्रासही माहीत नव्हते. तरी मंजूर कृतीतील 'एकशे चाळीस अंश' या शब्दांच्या जागी 'पोराला आवडते तितके' असा बदल करण्यात यावा व त्यानुसार यंत्राचे कुलूप काढण्यात यावे. हे नियमात बसत नसल्यास किमान एवढे तरी व्हावे की, अर्जदाराची गडी म्हणून आजवर झालेली व यापुढे होणारी सर्व सेवा, कोणताही खंड न धरता, मुलगा म्हणून झालेल्या सेवेत धरण्यात यावी, ही नम्र विनंती.